वरच्या दोन बिजागऱ्या

१

खळीची वाटी गुलाबी झाली होती.

ताईंची नजर आधी त्या वाटीवर गेली आणि तिथेच अडकून राहिली. ती हलवली असती, तर बाकीची खोली बघावी लागली असती. मास्तरांचा देह काल संध्याकाळीच नेला होता. तरी कामाच्या लांब टेबलावर, मागच्या भिंतीवर, टांगलेल्या रिकाम्या चौकटींवर, अगदी पंख्याच्या एका पात्यावरसुद्धा मास्तर अजून शिल्लक होते. जमिनीवर काचेचा चुरा पसरला होता. त्या चुऱ्यात त्यांची एक चप्पल पालथी पडली होती.

"तीन घाव," इन्स्पेक्टर दारातूनच म्हणाले. "शिशाच्या वजनानं, मागून. पहिल्यातच गेले असणार. पुढचे दोन नुसते रागाचे."

"कोणतं वजन?"

"ते कापडात शिवलेलं. दोन किलोचं."

ताईंना ते माहीत होतं. ते कापड त्यांनीच शिवलं होतं. बारा वर्षांपूर्वी रसायनशास्त्राची पदवी घेऊन संग्रहालयाच्या कागद-दुरुस्ती प्रयोगशाळेत रुजू झाल्यावर त्या आठवड्याला तीन दिवस या फ्रेमच्या दुकानात येऊन बसायच्या. पुस्तकात नव्हतं ते मास्तरांकडे होतं. अस्सल चित्र कधीही पुठ्ठ्याला चिकटवायचं नाही. पातळ, चिवट कागदाचे दोन तुकडे गव्हाच्या खळीनं चित्राच्या मागे लावायचे, तेही फक्त वरच्या कडेला. मास्तर त्यांना बिजागऱ्या म्हणत. त्यावर टिपकागद, त्यावर वजन, आणि मग रात्रभर हात लावायचा नाही. "सदरा खुंटीवर टांगतो ना, तसं चित्र टांगायचं," ते सांगत. "कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो, आकसतो. त्याला हलायला जागा नको? चारी हातपाय बांधून ठेवलंस, तर एक दिवस जीव देईल तो."

आज काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, ताईंना बोलावलं होतं. लोकांची चित्रं त्या खोलीत होती, ती कुणीतरी सुखरूप हलवायला हवी होती. पण ताई आल्या आल्या काकूंनी त्यांना मागच्या खोलीत ओढलं आणि चित्रांचं नावही काढलं नाही.

"धाकट्याला धरलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे कोरडे होते. "माझं लग्न झालं तेव्हा सहा वर्षांचा होता तो. या हातानं न्हाऊ घातलंय त्याला. आज संध्याकाळपर्यंत तो कबुलीवर सही करेल म्हणतात. पोरी, मला एवढंच सांग. माझं एक माणूस गेलंय की दोन?"

२

इन्स्पेक्टरांच्या मते सगळं सरळ होतं. मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ दुकान एकत्र चालवत, पण गेले आठ महिने दोघांत बोलणं बंद. धाकट्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी दुहेरी टेप आणायची होती. दोन मिनिटांत चित्र बसलं, गिऱ्हाईक खूश. थोरल्यानं टेपची गुंडाळी रस्त्यावर फेकली होती. धाकटा भर रस्त्यात ओरडला होता, "तुझ्या त्या खळीच्या वाटीतच बुडून मर!" हे ऐकलेले साक्षीदार ढिगानं होते.

"काल साडेपाचला मास्तर जिवंत होते," इन्स्पेक्टर म्हणाले. "त्या मोठ्या चित्रकाराची बायको, माई, फ्रेम झालेलं चित्र प्रदर्शनासाठी घेऊन गेली. मागच्या कागदावर मास्तरांचा शिक्का आहे, मी स्वतः गॅलरीत जाऊन पाहिला. सहाला शेजारच्यानं दार उघडलं, तर धाकटा प्रेत मांडीवर घेऊन बसलेला. कोपरापर्यंत रक्त. आणि त्याचा ॲप्रन गायब. सापडतच नाही."

खुंट्या दोन होत्या. एकीवर मास्तरांचा ॲप्रन होता, दुसरी रिकामी.

ताई टेबलाजवळ गेल्या. रक्ताचे शिंतोडे एखाद्या झाडाच्या सावलीसारखे सगळीकडे उठले होते, फक्त मधोमध एक कोरा आयत होता. स्वच्छ, कडा सुरीनं कापल्यासारख्या.

"इथे काय होतं?"

"काहीतरी पुठ्ठा-बिठ्ठा. उचलून नेला असेल."

ताईंनी वीत टाकून मापलं. आडवी तीन वीत, उभी दोन वीत आणि चार बोटं. या मापाचे टिपकागद मास्तर गठ्ठ्यानं आणत. गठ्ठा फळीवर होता, वरचा कागद नवा, कोरा.

"साहेब, मास्तरांची एक सवय होती. उघड्या चित्रावर ते कधी बोलत नसत. थुंकी उडते म्हणायचे. कुणी बोलायला आलं, की आधी चित्रावर टिपकागद टाकायचे आणि मगच तोंड उघडायचे. मी आईचा तातडीचा निरोप सांगायला आले होते, तरी आधी कागद पडला होता."

"बरं मग?"

"म्हणजे घाव पडला तेव्हा इथे एक उघडं चित्र होतं, त्यावर टिपकागद होता आणि मास्तर कुणाशी तरी बोलत होते. धाकट्याशी ते बोलतच नव्हते."

इन्स्पेक्टर हसले. "भांडायला बोलावं लागतंच, मॅडम."

ते खरं होतं. ताईंनी दुकानाची नोंदवही उघडली. वहीत पाच चित्रांची नोंद होती. चार त्यांनी स्वतः खणांतून काढून मोजली. पाचवं माईंचं. टिपकागदाखाली मग कोणतं होतं?

निघताना त्यांना पुठ्ठ्याचा एक कापलेला तुकडा दिसला. त्यावर मास्तरांच्या टोकदार पेन्सिलीनं काढलेला एक पक्षी होता, पंख पसरलेला. त्याखाली दोन रेघा. आणि बाजूला प्रश्नचिन्ह.

ताईंच्या फोनवर काल दुपारी चार पन्नासचा एक चुकलेला कॉल होता. मास्तरांचा. त्या तेव्हा सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या, आणि सावकाश करू म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता.

३

कोठडीत बसलेल्या धाकट्याचा खालचा ओठ फाटला होता. उजवा डोळा वांग्यासारखा फुगून मिटला होता. ताईंना बघून तो उठायला गेला आणि बरगडी धरून पुन्हा खाली बसला.

"ताई, बसायला काही नाही हो इथे."

"असू दे. काल काय झालं?"

"सहाला आलो. दार नुसतं लोटलेलं. दादा पालथा पडलेला. मी त्याला सरळ केला, तर..." त्यानं फाटका ओठ मनगटानं टिपला. "आठ महिन्यांनी 'दादा' म्हटलं मी. चार-पाच वेळा म्हटलं. आणि त्याआधीचं शेवटचं काय म्हणालो होतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे."

"तुझा ॲप्रन?"

"खुंटीवर होता. दुपारी मी काढून ठेवलेला. काढताना वहिनीला म्हणालो होतो, थोरल्यांना सांग मी काच आणायला चाललोय. असंच चालतं आमचं. वहिनी म्हणजे आमचं पोस्ट ऑफिस."

"टेबलावर काय होतं? आठव."

धाकट्यानं एकच डोळा मिटला. दुसरा मिटलेलाच होता. "वाटी. ब्रश. आणि स्पंज. मागचा कागद लावायची डिंकाची तपकिरी पट्टी आम्ही ओली करतो, तो स्पंज. पण तो निथळत होता. टेबलावरून पाणी गळत होतं. दादा थेंबभर पाण्यात काम करणारा माणूस. कागदाच्या दुकानात पाणी म्हणजे साप, असं म्हणायचा."

बाहेरून कुणीतरी गजांवर काठी फिरवली. धाकटा दचकला आणि भिंतीला चिकटला.

"ताई, ते संध्याकाळी परत येणार आहेत," तो हळूच म्हणाला. "मी सही करीन हो. मला नाही सोसत. आणि मनात येतं, मी त्याला मर म्हणालोच होतो ना?"

४

माईंचं घर उजेडाचं होतं. एक मोठी खोली, उत्तरेला रुंद खिडकी. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या चित्रकाराचं सगळं सामान जागच्या जागी. माई सत्तरीच्या, काटकुळ्या, पण पाठ ताठ. ताईंना त्यांनी बळेच चहा दिला.

"असा माणूस मारवतो तरी कसा ग कुणाला?" त्या म्हणाल्या. "साडेपाचला मी तिथून निघाले. मास्तर स्वतः दारापर्यंत आले. शिक्का ओला आहे, बोट लावू नका म्हणाले. त्या धाकट्याचं डोकं कायमच गरम होतं."

"हे चित्र कधीचं, माई?"

"ह्यांचं शेवटचं. खिडकी आणि पाण्याचा पेला. कपाटात होतं. शोधलं की दर वर्षी एखादं सापडतं. माणूस जातो, मागे किती ठेवून जातो बघ."

खिडकीखाली एक लाकडी बोर्ड टेकवलेला होता. त्याच्या चारही कडांना तपकिरी कागदी पट्ट्यांचे फाटके अवशेष चिकटलेले.

"त्यांचा?"

"हो. जलरंगाचा कागद मीच ताणून द्यायचे त्यांना. तीस वर्षं." माईंचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मागून स्पंजानं ओला करायचा, बोर्डावर पालथा हात फिरवायचा, चारही बाजूंनी पट्टी. वाळला की ढोल! नखानं टिचकी मारली की वाजायचा. ते म्हणायचे, तुझ्यासारखा कागद कुणाला ताणता येत नाही. तेवढंच म्हणायचे."

ताईंनी कप ठेवायच्या निमित्तानं वाकून पाहिलं. खिडकीच्या कठड्यावर धूळ होती. बोर्डावर नव्हती.

५

गॅलरीच्या मालकाला सगळे 'सूट' म्हणत. कारण सूट त्याच्या अंगावर कायम असायचाच. आज सुटाच्या बाहीतून बाहेर आलेल्या उजव्या तळहाताला जाडजूड पट्टी होती.

"काच लागली," तो म्हणाला. "आणि बघताय काय असं? इथे लागली, टांगताना. मी त्या म्हाताऱ्याला मारला असता, तर परवाच मारला असता. परवा त्याची कॉलर धरली होती मी. खरं तेच सांगतो. पंधरा दिवस चित्र अडवून ठेवलं! म्हणे खळ वाळली नाही. गळा दाबावासा वाटायचा."

"काल तुम्ही दुकानात गेला होता?"

"कशाला जाऊ? माईच घेऊन आल्या, सव्वासहाला. मी तर मागचा खिळासुद्धा ठोकत नाही, मॅडम. पाकीट चिकटवायलासुद्धा माणूस ठेवलाय. माझ्या हातात काही चिकटतच नाही, चिकटलंच तर मीच चिकटतो."

तो आपल्याच विनोदावर हसला. ताईंचं लक्ष नव्हतं. त्या चित्रासमोर उभ्या होत्या.

चित्र सुंदर होतं. खिडकीतला उजेड पेल्यातल्या पाण्यातून जात होता आणि टेबलावर थरथरत होता. वर तीन दिव्यांचा कडक झोत होता. ताईंनी चित्र पाहिलं आणि मग मास्तरांनी शिकवलं तसं बाजूनं पाहिलं, काचेला गाल लावून.

काचेच्या आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, बारीक वाफ धरली होती.

आणि कागदाला लाट नव्हती. वरून टांगलेल्या कागदाला नेहमी एक लहानशी, जिवंत लाट असते. हा कागद आरशासारखा सपाट होता.

"किती टाइट बसवलंय बघा!" सूट मागून म्हणाला. "माणूस खडूस होता, पण काम एक नंबर."

"ही फ्रेम उघडावी लागेल. आत्ता."

"वेड लागलंय का? पाचला उद्घाटनाला लोक येणार. मास्तरांचा शेवटचा शिक्का आहे तो, त्याच्यावरच निम्मा बोलबाला आहे."

"तर मग दिवे तरी बंद करा," ताई म्हणाल्या. "नाहीतर हे चित्र संध्याकाळ बघणार नाही."

सूटनं त्यांना हाताला धरून दाराबाहेर काढलं.

६

प्रयोगशाळेत कागदाच्या नमुन्यांची एक जाड वही होती. ताईंनी ती उजेडाच्या पेटीवर उघडली. चांगल्या हातकागदात जाळीचा ठसा असतो, तो कागद उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. प्रत्येक कारखान्याचा वेगळा. मास्तर बिजागरी किती जाड लावायची ते ठरवायला प्रत्येक चित्र आधी खिडकीशी धरून बघत.

पक्षी सापडायला दहा मिनिटं लागली. पंख पसरलेला, खाली एक रेघ. पुढच्या पानावर तोच पक्षी आणि खाली दोन रेघा. ताईंनी शेजारची टीप वाचली: दुसरी रेघ तीन वर्षांपूर्वी घातली, नवी जाळी बसवली तेव्हा.

चित्रकार गेले त्याला पाच वर्षं झाली होती.

'या पक्ष्याखाली दोन रेघा कधी आल्या गं?' चार पन्नासला मास्तरांना एवढंच विचारायचं होतं. उत्तर मिळालं असतं, तर कदाचित त्यांनी चित्रासाठी आलेल्या बाईला एकट्यानं तोंड दिलं नसतं. ताईंनी वही मिटली. मग इन्स्पेक्टरांना फोन लावला.

"फ्रेम उघडायला मला वरून परवानगी लागेल, मॅडम. उद्यावर जाईल ते," ते म्हणाले. "आणि इकडे तुमचा धाकटा पेन मागतोय."

"तासभर त्याला पेन देऊ नका. आणि तुम्ही गॅलरीत या. फ्रेम आपण उघडायचीच नाही."

७

पाच वाजता गॅलरीत तीसेक माणसं होती. माई पांढऱ्या साडीत, चित्राशेजारच्या खुर्चीवर. ताई सरळ त्यांच्यासमोर गेल्या. इन्स्पेक्टर खांबाशी उभे राहिले. सूट धावत आला, पण खाकी बघून थबकला.

"ही चौकट मास्तरांनी बंद केलेली नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तरी खोली शांत झाली. "काचेच्या आत वाफ आहे. ओलं काही मास्तरांनी जन्मात बंद केलं नाही. त्यांना मारलं तेव्हा हे चित्र टेबलावर उघडं होतं, टिपकागदाखाली. नंतर कुणीतरी धाकट्याचा ॲप्रन चढवला, रक्ताळलेला टिपकागद काढून घेतला, चित्र घाईनं बसवलं, मागे कागद लावून मास्तरांचा शिक्का मारला. कारण एकदा तो शिक्का बसला, की चित्राची पाठ कुणी कधी बघणार नाही."

"मग धाकट्यानंच बसवलं असेल," माई म्हणाल्या. "काम येतं त्याला."

"येतं. पण घाईत माणूस विचार करत नाही, माई. हात आपले सवयीनं चालतात. धाकट्यानं घाईत दुहेरी टेप लावली असती, त्यावरून तर आठ महिने भांडण होतं. हे मालक, यांनी नुसतं आत सरकवून दिलं असतं. टेपला पाणी लागत नाही, सरकवायलाही नाही. पण टेबलावरचा स्पंज निथळत होता, आणि हा कागद बघा. ढोलासारखा ताणलेला. मागून स्पंजानं भिजवलाय आणि चारही बाजूंनी पट्टी मारलीय. फ्रेम करणारा असं कधी करत नाही. असं चित्र काढण्याआधी करतात."

फक्त वरचे तीन दिवे गुणगुणत होते.

"तुम्हीच सांगा यांना," ताई म्हणाल्या. "असा कागद वाळला की काय होतं?"

माईंची मान आणखी ताठ झाली. "काही होत नाही," त्या म्हणाल्या. "नीट ताणला असेल तर."

"बोर्डावर नाही होत. तिथे तुम्ही जाडजूड, कोरा कागद ताणता, तो सावकाश वाळतो. हा पातळ आहे. बंद पेटीत आहे, आणि डोक्यावर सकाळपासून हे दिवे. माई, मी बारा वर्षं कागद वाचवायचं काम केलंय. हे चित्र फार सुंदर आहे. अजूनही सांगा, दिवे बंद करू, हळूच उघडू. वाचेल ते."

माईंनी चित्राकडे पाहिलं. एक क्षण असा आला, की त्या बोलतील असं ताईंना वाटलं. त्यांचे ओठ उघडलेसुद्धा.

आणि मग आवाज आला. कोरं कापड फाडावं तसा, कोरडा, लांब. चित्राच्या डाव्या कडेपासून एक पांढरी भेग निघाली, खिडकीतून, टेबलावरून, आडवी धावत गेली आणि पाण्याच्या पेल्यात जाऊन थांबली.

माई किंचाळल्या नाहीत. त्या उठल्या, दोन्ही हातांनी फ्रेम भिंतीवरून उपसली आणि पितळी खांबावर आपटली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. काच लोकांच्या अंगावर उडाली. फाटक्या कागदात हात घालून त्या तो ओरबाडू लागल्या. ताई पुढे झाल्या, तशी माईंच्या मुठीत सुरीएवढी काच चमकली. ताईंचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरून उघडा पडला. पुढचा वार गळ्यावर होता. इन्स्पेक्टरांनी मनगट धरून पिरगाळलं, तरी माईंनी काच सोडली नाही. ती त्यांच्याच तळव्यात हाडापर्यंत गेली, आणि मग बोटं आपोआप उघडली.

चित्र पालथं पडलं होतं. चारही कडांना तपकिरी पट्टी, सुबक, कोपरे कोपऱ्याला जुळलेले.

इन्स्पेक्टरांनी फाटका तुकडा दिव्यासमोर धरला. पक्षी. खाली दोन रेघा.

"म्हणजे हे त्यांचं नाहीच?" सूट जमिनीवर बसून म्हणाला. "मग गेल्या पाच वर्षांतली सगळी..."

"माझी," माई म्हणाल्या. रक्तानं साडीचा पदर भिजत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "त्याआधीचीही निम्मी माझी. मास्तरांनी काल चित्र खिडकीशी धरलं. अर्धा तास धरून होते. मला वाटलं, चला, कुणीतरी बघतंय. मी विचारलं, कसं आहे? मग त्यांनी ते टेबलावर ठेवलं, टिपकागद टाकला आणि म्हणाले, चित्राचं मला कळत नाही, पण हा कागद खोटं बोलतोय. बोलून पाठ फिरवली." त्यांची नजर फाटक्या कागदावर गेली. "पहिल्यांदा माझं चित्र कुणी उजेडात धरलं, आणि त्याला कागद दिसला."

धाकट्याचा ॲप्रन आणि रक्ताळलेला टिपकागद त्याच रात्री सापडले. खिडकीखालच्या बोर्डामागे नीट घडी घालून ठेवलेले.

८

आठवड्यानं ताई दुकानात गेल्या तेव्हा त्यांच्या हाताला सतरा टाके होते. टेबल घासून पांढरं केलं होतं. पंख्याच्या पात्यावर अजून एक डाग होता. तो काकू पुसू देत नव्हत्या.

धाकटा मास्तरांचा फोटो फ्रेम करत होता. एक डोळा अजून नीट उघडत नव्हता, त्यामुळे तो अगदी जवळ वाकून काम करत होता. दुहेरी टेप फळीवर होती, तिला हात लावलेला नव्हता. वरच्या कडेला दोन बिजागऱ्या. नव्या वाटीत पांढरी खळ. वजन नव्हतं, ते पुराव्यात गेलं होतं. त्यानं दोन विटा धुऊन कापडात शिवल्या होत्या, टाके वाकडेतिकडे.

"कधी होईल?" ताईंनी विचारलं.

"उद्या. आज रात्रभर हात लावायचा नाही." त्यानं ब्रश वाटीत ठेवला. मग दाराकडे न बघताच म्हणाला, "वहिनी, दादाला सांग..."

आतून काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या.

"मी आता निरोप नेत नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तूच सांग."

धाकट्यानं फोटोकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. फळीवरून एक कोरा टिपकागद काढला, फोटोवर हलक्या हातानं पसरला, कडा जुळवल्या.

मगच तो बोलायला लागला.